सर्व्हिसनंतर तिसऱ्या चेंडूला उशीर का होतो : सावरण्याच्या हालचालीतील दोष आणि त्यांवरचे उपाय

टेबल टेनिस खेळणाऱ्यांची तक्रार साधारणपणे अशी असते. सर्व्हिस चांगली पडते, चेंडूला फिरकी भरपूर असते, प्रतिस्पर्ध्याने परतवलेला चेंडूही फारसा अवघड नसतो, आणि तरीही तिसऱ्या चेंडूवर, म्हणजे सर्व्हिस आणि तिच्या परतीनंतरच्या आपल्या फटक्यावर, हात आखडतो. फटका शरीराला चिकटून मारला जातो, किंवा बॅट चेंडूच्या मागे पोहोचेपर्यंत चेंडू खाली उतरलेला असतो, किंवा हल्ला करण्याजोगा चेंडू नाइलाजाने नुसता ढकलून द्यावा लागतो. हे एखाद्या वेळी घडले तर प्रतिस्पर्ध्याचे कौतुक करून पुढे जावे. परंतु प्रत्येक गेममध्ये, आणि विशेषतः आपल्याच सर्व्हिसवर, हे पुन्हा पुन्हा घडत असेल, तर दोष बहुधा तिसऱ्या फटक्यात नसतो. तो सर्व्हिस आणि तिसरा चेंडू यांच्या मधल्या हालचालीत असतो.

या तक्रारीवर नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे पाय अधिक वेगाने हलवणे. माझ्या मते तो अपुरा आहे, आणि पुष्कळदा दोष वाढवणाराही आहे. सर्व्हिस मारताना शरीराला जो वेग मिळतो, तो चुकीच्या दिशेने खर्च झाला, तर आधी तो वेग थोपवावा लागतो आणि मग उलट दिशेने नवा वेग निर्माण करावा लागतो. पाय कितीही चपळ असले तरी ही दुहेरी किंमत मोजावीच लागते. उत्तम खेळाडूंची हालचाल डौलदार दिसते याचे कारण ते घाई करत नाहीत हे नसून, त्यांच्या सर्व्हिसचा शेवट हाच त्यांच्या सावरण्याचा आरंभ असतो, हे आहे. पुढे जे सांगितले आहे, ते सारे याच एका गोष्टीचे तपशील आहेत.

उजव्या हाताने, शेकहँड ग्रिपने (हस्तांदोलन केल्यासारखी बॅट धरून) खेळणारा आणि बॅकहँड, म्हणजे डाव्या, कोपऱ्यातून पेंड्युलम सर्व्हिस (हात लंबकासारखा झुलवून मारलेली फोरहँड सर्व्हिस) करणारा खेळाडू मी येथे गृहीत धरला आहे, कारण ही तक्रार सर्वाधिक त्याचीच असते. डावखुऱ्या खेळाडूंनी बाजू उलट करून वाचावे.

आधी दोषाची जागा शोधावी

मोबाइल टेबलाच्या बाजूला, कमरेच्या उंचीवर ठेवून आपल्या सर्व्हिसचे काही गुण चित्रित करावेत. नंतर चित्रफीत चालू न ठेवता एका ठरावीक क्षणी थांबवावी. प्रतिस्पर्ध्याच्या बॅटला चेंडू लागतो, तो हा क्षण. आपला तिसरा फटका कसा होणार हे त्या स्थिर चित्रात जवळजवळ ठरलेले दिसते. उजवा पाय कुठे आहे, छाती नेटकडे आहे की बाजूच्या कडेकडे, बॅट टेबलाच्या पातळीच्या वर आहे की खाली, बोटे मुठीत पूर्ण मिटली आहेत की अजून सुटी आहेत, आणि सर्व्हिस मारताना डोके ज्या उंचीवर होते त्याच उंचीवर ते आहे का, एवढे पाहावे. सर्व्हिस संपल्यानंतर आपण कधीतरी तयार होतोच. प्रश्न या क्षणापूर्वी तयार होतो की नंतर, एवढाच असतो.

गमावलेल्या गुणांवरूनही पुष्कळ कळते. कोपराजवळ किंवा पोटाशी आलेल्या खोल पुशवर (खालची फिरकी देऊन ढकललेल्या चेंडूवर) आपण अडकत असू, तर आपण टेबलाच्या फार जवळ राहिलो आहोत. चेंडूपाशी पाय वेळेत पोहोचतात पण फटका दुबळा पडतो, असे असेल तर दोष बॅटच्या उंचीत किंवा ग्रिपमध्ये आहे. चेंडू आपण ज्या बाजूला निघालो त्याच्या उलट बाजूला जात असेल, तर आपण प्रतिस्पर्ध्याने मारण्यापूर्वीच हललो होतो आणि ते त्याने पाहिले होते.

उजवा पाय पुढे येणे

सर्वाधिक आढळणारा दोष हाच आहे, म्हणून त्याकडे सविस्तर पाहू. पेंड्युलम सर्व्हिससाठी खेळाडू टेबलाशी जवळजवळ काटकोनात उभा असतो. डावा पाय टेबलाच्या जवळ, उजवा मागे, छाती उजवीकडे वळलेली. चेंडू वर फेकताना भार उजव्या पायावर असतो आणि मारताना तो डाव्या पायावर येतो. इथवर सारे योग्य आहे. अडचण पुढच्या क्षणी होते. भार पुढे गेला की मोकळा झालेला उजवा पाय चालण्याच्या सवयीने पुढे टाकला जातो आणि डाव्या पायाच्या बरोबरीने, कधी त्याच्याही पुढे, टेबलाच्या कडेशी येऊन पडतो. आता खेळाडू टेबलाला चिकटलेला आहे, त्याचा भार पुढे झुकलेला आहे आणि फोरहँड मारण्यासाठी मागे असायला हवा तो पाय पुढे आहे. खोल पुश आला की त्याला उलट पावली मागे जाता जाता फटका मारावा लागतो.

उजवा पाय पुढे न येता उजवीकडे गेला पाहिजे. कंबर डावीकडे वळत छाती नेटसमोर येते, त्याच वळणाबरोबर उजवा पाय मागून बाहेरच्या बाजूला, खांद्यांपेक्षा थोड्या अधिक अंतरावर टेकतो. त्याच वेळी भार आलेला डावा पाय जमिनीला हलकासा रेटा देऊन शरीराला वीतभर मागे ढकलतो. दोन्ही पाय जवळजवळ एकाच वेळी टेकले पाहिजेत. भार चवड्यांवर, उजवा पाय डाव्याच्या किंचित मागे. ही एकच छोटी, बसकी उडी आहे. दोन पावले नाहीत. चित्रफितीत दोन वेगळी पावले दिसत असतील, तर त्यातले पहिले पाऊल वाया गेलेले असते.

हे वळण सहज व्हावे म्हणून नियमाचीच एक अट उपयोगी पडते. चेंडू वर फेकताच मोकळा हात चेंडू आणि नेट यांच्या मधल्या जागेतून दूर झाला पाहिजे, असा नियम आहे. पुष्कळ खेळाडू तो हात केवळ पोटाशी आवळून घेतात. त्याऐवजी डावे कोपर डाव्या बरगडीच्या मागच्या बाजूला खेचले, तर डावा खांदा मागे जातो, उजवा पुढे येतो आणि छाती आपोआप नेटकडे वळू लागते. नियमही पाळला जातो आणि शरीराला योग्य दिशाही मिळते.

प्रतिस्पर्ध्याच्या बॅटला चेंडू लागेल तेव्हा टेबलापासून किती अंतरावर असावे? हात पुढे केल्यास बॅटचे टोक टेबलाच्या कडेला जेमतेम लागेल, इतके अंतर हा चांगला आरंभबिंदू आहे. आखूड सर्व्हिसनंतर त्याहून दूर जाऊ नये, कारण उत्तर नेटजवळ पडण्याची शक्यता असते. तेथे उजवा पाय टेबलाखाली घालून पुढे जाता आले पाहिजे. लांब, वेगवान सर्व्हिसनंतर मात्र आणखी अर्धे पाऊल मागे यावे. अशी सर्व्हिस आखूड परतवणे फार कठीण असते, आणि जे उत्तर येते ते खोल व वेगाने येते.

बॅट खाली राहणे आणि ग्रिप उशिरा मिटणे

पाय बरोबर असूनही उशीर होत असेल, तर हाताकडे पाहावे. पेंड्युलम सर्व्हिसमध्ये मनगट मोकळे फिरावे म्हणून मधले बोट, अनामिका आणि करंगळी मुठीतून सोडली जातात आणि बॅट मुख्यतः अंगठा व तर्जनीत धरली जाते. फटका डाव्या कमरेकडे जातो. तेथे बॅट कमरेपाशी लोंबत राहिली, तर पुढची वेळ तिला वर आणण्यात आणि बोटे मिटण्यात जाते. प्रतिस्पर्ध्याचा फ्लिक (आखूड चेंडूवर मनगटाच्या झटक्याने मारलेला फटका) आला तेव्हा ग्रिप अर्धी बदललेली असते आणि बॅटचा कोन हवा तसा राहत नाही. मग चेंडू जाळ्यात किंवा टेबलाबाहेर जातो आणि खेळाडू आपल्या ब्लॉकला, म्हणजे चेंडू बॅटने नुसता अडवण्याच्या फटक्याला, दोष देतो.

फटका पूर्ण केल्याशिवाय फिरकी येत नाही, अशी समजूत या दोषाच्या मुळाशी असते. बॅट आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागाइतकाच टिकतो. तो स्पर्श संपल्यानंतर बॅट कितीही लांब फिरवली तरी चेंडूला त्याचा काहीही लाभ होत नाही. फिरकी येते ती स्पर्शाच्या क्षणी बॅटला असलेल्या वेगातून आणि चेंडूला किती बारीक घासले यातून. म्हणून स्पर्शानंतर हात लवकर थोपवण्यात कोणतेही नुकसान नाही. अट एवढीच, की थोपवण्याची घाई स्पर्शापूर्वी होऊ नये. नाहीतर सावरणे उत्तम आणि सर्व्हिस मिळमिळीत, अशी अवस्था होते. हा समतोल साधायला काही काळ लागतो, आणि त्या काळात सर्व्हिसची फिरकी थोडी कमी झालेली दिसली तरी गडबडून जाऊ नये.

थोपवण्याची रीत अशी : कोपर शरीराजवळ घट्ट राहते, पुढचा हात पोटासमोर थांबतो आणि थांबलेल्या जागेवरून बॅट सरळ वर, छातीसमोर उचलली जाते. या उचलण्याचा एक आगळा लाभ आहे. खाली कापून मारलेल्या सर्व्हिसनंतर बॅट झटकन वर गेली, की फिरकी नेमकी कोणती याचा अंदाज करणे प्रतिस्पर्ध्याला अवघड जाते. फसवणूक आणि सावरणे ही दोन्ही कामे एकाच हालचालीत होतात, आणि काटकसर म्हणतात ती हीच.

ग्रिप मिटण्यासाठी ठरावीक क्षण नेमून द्यावा. सर्व्हिसच्या चेंडूचा पहिला टप्पा आपल्या बाजूला पडतो, दुसरा समोरच्या बाजूला. पहिल्या टप्प्याच्या आवाजाला बॅट वर यावी आणि बोटे मिटावीत, दुसऱ्या टप्प्याच्या आवाजाला पाय आपल्या जागेकडे निघालेले असावेत, आणि प्रतिस्पर्ध्याच्या बॅटला चेंडू लागताना चवड्यांवर टेकलेले असावे. डोळे प्रतिस्पर्ध्याच्या बॅटकडे आणि कान टप्प्यांकडे, अशी वाटणी केली की स्वतःच्या हाताकडे पाहण्याची गरज उरत नाही. लांब सर्व्हिसमध्ये हे दोन्ही टप्पे फार लवकर पडतात, म्हणून तेथे पाय पहिल्या टप्प्यालाच सुटले पाहिजेत.

डोके वर जाणे

सर्व्हिस मारताना गुडघे वाकलेले असतात. ती मारून झाली की पुष्कळ खेळाडू नकळत ताठ उभे राहतात, आपली सर्व्हिस कशी पडली हे पाहतात, आणि चेंडू येऊ लागला की पुन्हा वाकतात. वर जाणे आणि खाली येणे या दोन्ही हालचाली निरुपयोगी असतात. ताठ झालेल्या पायांनी बाजूला रेटा देता येत नाही. आधी वाकावे लागते, मगच हलता येते. चित्रफितीत डोक्याच्या वरच्या कडेवर लक्ष ठेवावे. सर्व्हिसपासून तिसऱ्या फटक्यापर्यंत ती कड जवळजवळ आडव्या रेषेत सरकली पाहिजे.

याला एक सन्माननीय अपवाद आहे. चीनची डिंग निंग खोल बसून सर्व्हिस करण्यासाठी प्रसिद्ध होती आणि जर्मनीचा दिमित्री ओव्हचारोव्हही खाली झुकून बॅकहँड सर्व्हिस करतो. त्यांना वर यावेच लागते. परंतु ते वर येतात ते ताठ होण्याइतके नव्हे, तर नेहमीच्या तयारीच्या उंचीपर्यंतच, आणि तो उठाव थेट पुढच्या हालचालीत मिसळतो. अशा सर्व्हिसला मांड्यांमध्ये भरपूर बळ लागते. ते नसताना केवळ अनुकरण म्हणून बसून सर्व्हिस करणे म्हणजे तिसऱ्या चेंडूची संधी आपण होऊन सोडून देणे आहे.

टेबलाचा मध्य हे सावरण्याचे ठिकाण नव्हे

सर्व्हिसनंतर टेबलाच्या मध्यावर या, असे शिकवले जाते. नवशिक्यांसाठी ते ठीक आहे, पण पुढे हीच शिकवण अडथळा ठरते. टेबल 152.5 सेंटिमीटर रुंद आहे, परंतु आपल्याला टेबलाचा नव्हे, तर प्रतिस्पर्ध्याला उपलब्ध असलेल्या कोनाचा मध्य सांभाळायचा असतो, आणि तो कोन आपली सर्व्हिस कुठे पडली यावर बदलतो.

समोरचा खेळाडूही उजव्या हाताचा आहे असे धरू. आपण बॅकहँड कोपऱ्यातून सरळ रेषेत त्याच्या फोरहँडला आखूड सर्व्हिस केली, तर तो चेंडू आपल्या डाव्या हाताच्या बाजूला आहे. तेथून त्याला कर्णरेषेत आपल्या फोरहँडच्या बाहेर तिरका चेंडू काढता येतो, जो टेबलाच्या बाजूच्या कडेवरून निसटतो. आपल्या बॅकहँडला मात्र त्याला सरळच खेळावे लागते. म्हणून या सर्व्हिसनंतर उजवीकडे अधिक सरकले पाहिजे. उलट, कर्णरेषेत त्याच्या बॅकहँडला सर्व्हिस केली, तर तिरका कोन आपल्या बॅकहँडच्या बाहेर उघडतो आणि तेथे फार उजवीकडे धावणे धोक्याचे असते. चेंडू ज्या बाजूला पाठवला, त्याच्या विरुद्ध बाजूला थोडे झुकून उभे राहावे, हा याचा सरळ हिशेब आहे. सर्व्हिस कुठे टाकायची हे ठरवतानाच सावरायचे कुठे हेही ठरलेले असावे. ते सर्व्हिसनंतर सुचत असेल, तर उशीर झालाच म्हणून समजावे.

त्यातही उभे राहण्याची जागा आपल्या शरीरावरून न मोजता खेळणाऱ्या हाताच्या कोपरावरून मोजावी. फोरहँड आणि बॅकहँड यांच्यातली दुविधा कोपराशीच होते. म्हणून कोपर कोनाच्या मध्याशी आले पाहिजे, आणि त्यासाठी उजव्या हाताच्या खेळाडूचे शरीर त्या मध्याच्या किंचित डावीकडे राहते.

हालचाल थांबण्याची वेळ

योग्य जागी पोहोचूनही पाय जखडल्यासारखे वाटत असतील, तर दोष वेळेचा आहे. फार लवकर पोहोचून सपाट पावलांवर थांबलेला खेळाडू आणि चेंडू लागताना अजून धावत असलेला खेळाडू, दोघेही सारखेच अडचणीत असतात. सर्व्हिसनंतरच्या छोट्या उडीतून पाय टेकण्याचा क्षण आणि प्रतिस्पर्ध्याच्या बॅटला चेंडू लागण्याचा क्षण जवळजवळ एकच असावा. टेकताना पोटऱ्या आणि मांड्यांचे स्नायू किंचित ताणले जातात आणि त्या ताणातूनच पुढच्या रेट्याला बळ मिळते. उडी उंच नसावी. बुटाखालून कागद जाईल न जाईल, इतकीच पुरे. अंदाजाने बॅकहँड कोपऱ्यात फोरहँडसाठी वळायचे असेल तरीही हा क्षण येईपर्यंत धीर धरावा.

सराव कसा बदलावा

या साऱ्या दोषांचे मूळ बहुधा सर्व्हिसच्या सरावातच असते. खेळाडू चेंडूंची टोपली शेजारी ठेवतो, सर्व्हिस मारतो आणि चेंडू समोर पोहोचण्यापूर्वीच हात दुसरा चेंडू उचलायला टोपलीकडे जातो. असे रोज केले, की शरीर सर्व्हिसनंतर बाजूला वळायलाच शिकते. सामन्यात तेच शरीर वेगळे वागेल, ही अपेक्षा अवाजवी आहे. टोपली मागे, हात सहज पोहोचणार नाही अशा जागी ठेवावी. प्रत्येक सर्व्हिसनंतर छोटी उडी घेऊन तयार व्हावे, तिसऱ्या चेंडूचा एक फटका चेंडूविना पूर्ण मारावा, आणि मगच मागे वळावे. सर्व्हिसची संख्या निम्म्यावर येईल. येऊ द्यावी.

जोडीदार असेल तर सुरुवातीला त्याने चेंडू परतवूच नये. दुसऱ्या टप्प्यानंतर तो हातात झेलावा आणि त्या क्षणी आपण जागच्या जागी गोठून आपली स्थिती तपासावी. स्थिती नीट येऊ लागली की त्याने ठरलेल्या एकाच जागी पुश द्यावा, नंतर दोन जागांपैकी कुठेही, आणि शेवटी मनाला येईल तसे खेळावे. दोन जागांचा टप्पा सर्वाधिक काळ करावा, असे मला वाटते. ठरलेल्या जागेवर सगळेच चांगले खेळतात आणि मुक्त खेळात दोष पुन्हा लपतो. शंका असते तेव्हाच सावरणे खरे आहे की पाठ केलेले आहे, हे दिसते. एका वेळी एकच गोष्ट सुधारावी. पाय आणि ग्रिप एकाच सत्रात बदलू पाहणाऱ्याच्या हाती बहुधा दोन्ही लागत नाहीत.

बॅकहँड सर्व्हिसमध्ये छाती आधीच नेटसमोर असते, त्यामुळे वळण्याचा प्रश्न नसतो. तेथे पाय एकमेकांच्या फार जवळ राहणार नाहीत, एवढेच पाहावे. दुहेरीत मात्र उद्दिष्टच वेगळे आहे. तिसरा चेंडू साथीदाराने खेळायचा असल्यामुळे सर्व्हिस करणाऱ्याने जागा धरून न ठेवता ती लगेच मोकळी करायची असते. एकेरीत घोटलेली उडी तेथे साथीदाराच्या वाटेत येते, म्हणून दुहेरीच्या सर्व्हिसचा सराव वेगळा करावा.

हे सारे करूनही उशीर होतच असेल, तर शेवटी सर्व्हिसकडेच परत पाहावे. चित्रफितीत आपली स्थिती वेळेत योग्य दिसते आणि तरीही चेंडू अंगावर येतो, याचा अर्थ प्रतिस्पर्ध्याला जोराने मारता येईल असा चेंडू आपण देत आहोत. आखूड म्हणून टाकलेल्या सर्व्हिसचा समोरच्या बाजूचा दुसरा टप्पा टेबलाच्या कडेबाहेर जात असेल, तर तो त्यावर टॉपस्पिन (पुढच्या दिशेने फिरकी देणारा हल्ल्याचा फटका) मारतो. चेंडू नेटवरून उंच जात असेल, तर तो फ्लिक करतो. दोन्ही वेळा मिळणारा अवधी इतका कमी होतो, की कोणतीही पायांची हालचाल तो भरून काढू शकत नाही. चेंडू साधारण नेटच्या उंचीइतका, म्हणजे टेबलापासून सुमारे 15 सेंटिमीटरवर उतरू द्यावा आणि मगच मारावा, म्हणजे तो कमी उसळतो. आखूड सर्व्हिससाठी आपल्या बाजूचा पहिला टप्पा नेटच्या बाजूला सरकवावा. जोडीदाराला चेंडू न अडवता समोर दोन टप्पे पडू द्यायला सांगितले, की सर्व्हिस खरोखर आखूड आहे की नाही हे तेथेच दिसते.